एक सूर खाली

ता. ४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि दोन्ही सदरे मिळाले. कॉलर मापात बसते. मामा म्हणाला, ताईला कळव की भाच्याची मान अजून कोंबडीएवढीच आहे. कळवलं.

माझं काम चालू आहे. सकाळी खिडकीपाशी बसून बँडचे कागद उतरवतो, दुपारी सगळ्यांबरोबर तालमीला जातो. बँडमध्ये मामा धरून नऊ जण, पण कागद आठच लागतात, कारण मामाचं सगळं डोक्यात असतं. मी पट्टी घेऊन रेघा मारतो म्हणून सगळे मला मोजपट्टी म्हणतात. मामाला कप्तान म्हणतात. नववीत शाळा सुटली असली तरी माझ्या कागदात आजवर एकही चूक निघालेली नाही, हे पियानोवाल्या बाईंनी चारचौघांत सांगितलं. तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

आता काळजीचं. मामाचे वरचे पुढचे चार दात हलायला लागलेत. क्लॅरिनेट वाजवताना तिचं टोक वरच्या दातांवर टेकवावं लागतं, आणि अगदी वरचे सूर काढायचे तर दात घट्ट दाबावे लागतात. मामाने त्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. तालीम झाली की तो पाठ फिरवून रुमालात थुंकतो, आणि रुमाल स्वतः धुतो. एरवी त्याने कधी चमचाही धुतला नाही, म्हणून मला संशय आला. हल्ली पावसुद्धा चहात बुडवून खातो.

मी त्याला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, चारही काढायला हवेत, नाहीतर जबडा सडेल. मामाने विचारलं की काढल्यावर वाजवता येईल का. डॉक्टर म्हणाले, कवळी बसवू, पण ती हलणार, वरचे सूर विसरा. मामा म्हणाला, मग आधी मला काढा, दातांचं नंतर बघू. आणि टोपी घेऊन निघाला.

गेल्या शनिवारी रेडिओवर "तिसरा मजला" वाजवताना त्याचा वरचा सूर फाटला. आपला कार्यक्रम अकरा वर्षं याच गाण्याने सुरू होतो, आणि पहिली चार घरं (आम्ही उभ्या रेघांमधल्या जागेला घर म्हणतो) मामा एकटाच वाजवतो. रेडिओचे नवे साहेब म्हणाले की त्यापेक्षा तबकड्या लावलेल्या काय वाईट. हे ते मामाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

मला एक सुचलं आहे. गाणं एक सूर खाली लिहिलं, तर तो वरचा सूर टळतो. आठही कागद नव्या पट्टीत मला चार दिवसांत करता येतील. पण मामाला विचारलं तर तो मला कागदांसकट जिन्यावरून खाली सोडेल. काय करू ते लिही.

तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी या खेपेला थोडा जास्त पाठव.

तुझा,
बाळ

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझं अक्षर इतकं नेटकं की वाईट बातमीसुद्धा लग्नपत्रिकेसारखी दिसते. जेवतोस ना वेळेवर?

तुझ्या मामाचा हट्ट मी तो चौदा वर्षांचा होता तेव्हापासून बघतेय. काड्यापेटीच्या कारखान्याच्या बँडमध्ये त्याला क्लॅरिनेट दिली, कारण तिच्या किल्ल्या अडकायच्या आणि दुसरं कोणी ती घेईना. मी त्या किल्ल्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं. महिनाभर घरात बदक कापल्यासारखा आवाज. विसाव्या वर्षी तो जहाजावरच्या बँडमध्ये गेला, बंदराबंदरात जॅझवाल्यांच्या मागे फिरला, आणि सहा वर्षांनी दोन सूट आणि खोकला घेऊन परत आला. मग हॉटेलातली नोकरी, मग स्वतःचा बँड, मग "तिसरा मजला"ची ती तबकडी. तबकडी निघाली तेव्हा रस्त्यातले लोक थांबवून हात मिळवायचे. तुझी मामी दोन वर्षांत निघून गेली. तिने मला सांगितलं होतं की तो घरी असतो तेव्हाही त्याच्या तोंडात क्लॅरिनेटच असते, मग भांडायचं कोणाशी? पुढे हॉटेलांनी नाचाचे हॉल मोडून जेवणाची टेबलं मांडली. आता त्याच्याकडे शनिवारचा तो एक तास उरलाय. तो गेला तर तो माणूस जेवायचा कशासाठी?

माझ्याकडे गिऱ्हाइकं जुनी पँट घेऊन येतात आणि म्हणतात, घट्ट झाली, कापड आटलंय वाटतं. मी हो म्हणते, शिवण उसवते, दोन बोटं कंबर वाढवते आणि काही न बोलता देते. कोणाचं पोट सुटलंय हे त्याच्या तोंडावर सांगून कधी कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. तूही तसंच कर. गुपचूप.

आणि मामाच्या धाकाने तुझ्या छातीत धडधडत असेल, ते काही हृदयाचं दुखणं नाही. लहानपणापासून आहे.

माया आहे तशीच आहे, ती मागून घ्यायची नसते.

तुझी,
आई

*

ता. २३ फेब्रुवारी, रविवार

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

तू लिहिलंस तसं मी केलं. आठही कागद एक सूर खाली उतरवले, प्रत्येक तीनदा तपासला. बँडमधल्या सगळ्यांना एकेकटं गाठून सांगितलं. ड्रमवाला म्हणाला, मला काय, माझं कातडं सगळ्या पट्ट्यांत सारखंच वाजतं. ट्रम्पेटवाला, ज्याला आम्ही फुंकणी म्हणतो, तो म्हणाला की कप्तानाला कळलं तर मी तुला ओळखत नाही. पण सगळे कबूल झाले, कारण त्यांनीही रुमाल पाहिला होता. "तिसरा मजला"ची तालीम होतच नाही, अकरा वर्षांत कोणाला गरज वाटली नाही, म्हणून शनिवारपर्यंत मामाला कळायचं कारण नव्हतं.

मामा सुरुवातीलाच एकटा वाजवतो, हे मी विसरलो नव्हतो. त्यासाठी मी पियानोची दोन घरं आधी जोडली. मामाला म्हणालो की रेडिओवाल्यांना सुरुवातीला थोडा पियानो हवाय. तो बूट पुसत होता, बरं म्हणाला. बाईंनी दोन घरं वाजवली की नवी पट्टी त्याच्या कानात जाणार, आणि तो आपोआप तीच धरणार. गाणाऱ्या बाया ऐनवेळी पट्टी बदलतात तेव्हा तो डोळे मिटून त्यांच्या मागे जातो. मी शंभरदा पाहिलंय.

चार वाजता प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. बाईंनी हात उचलले. पण अकरा वर्षांची सवय, आई. दिवा लागला की मामा सुरू करतो. बाईंचे हात हवेतच राहिले. त्याने चार घरं जुन्या पट्टीत वाजवली, आणि त्या दिवशी तो वरचा सूर इतका स्वच्छ लागला की माझ्या अंगावर काटा आला. पाचव्या घराला बाकीचा बँड आत आला, एक सूर खाली. ते कसं वाटलं ते मला लिहिता येणार नाही. मामा थांबला. चेहरा खडूसारखा. दोन घरं नुसता उभा राहिला, मग खालची पट्टी धरून त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं. पुढचा तासही नेला.

दिवा विझल्यावर साहेब आत आले. म्हणाले, आज सगळ्या शहराने ऐकलं, पुढचे काही शनिवार आम्ही तबकड्या लावतो. मामाने माझ्याकडे वळून विचारलं, कागद जुनेच ना?

साहेब बघत होते. बँड बघत होता. मी हो म्हणालो. जुनेच म्हणालो.

मामा साहेबांना म्हणाला की मग चूक माझी आहे, यांची कोणाची नाही. घरी येताना तो ट्राममध्ये हाताची बोटं एकेक करून वाकवून बघत होता. क्लॅरिनेटची पेटी कपाटावर ठेवलीय. आज उघडली नाही.

मी काय करू? सांगायला जातो आणि चहा हवाय का एवढं विचारून परत येतो. लवकर लिही.

लोभ ठेव असं आज माझ्याने लिहवत नाही.

बाळ

*

ता. २६ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

घाबरू नकोस. आधी काहीतरी खा.

आत्ता सांगू नकोस. तो तापलेला असेल, तुला त्याच पावली घराबाहेर काढेल, आणि मग तू जाणार कुठे? सल्ला माझा होता, तेव्हा बोलणीही मीच खाईन. इथे कॉलरचं मोठं काम अंगावर आहे, ते आठ तारखेला संपतं. नऊला मी येते. दोघं समोर बसून सांगू. तेवढ्या दिवसांत काय बिघडतंय? कपाटावर पेटी ठेवली तर थोडी धूळ बसेल, एवढंच.

तोवर त्याला मऊ खायला घाल आणि तू गप्प राहा.

मी आहे ना, तेवढं उशाला घेऊन झोप.

आई

*

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे तू खुर्चीत बसूनच वाच. गेल्या वेळचं मी जहाजावरून पाठवलं होतं.

भाच्याने शनिवारचं कळवलं असेलच. माझी बाजू घेऊन लिहिलं असेल, म्हणून मी खरं काय ते सांगतो. मी स्वतः बांधलेलं गाणं मी चुकीच्या पट्टीत सुरू केलं. सूर चुकणं वेगळं, ते सगळ्यांचं होतं. मला चुकलंय हे कळलंच नाही, ताई. बँड आत येईपर्यंत मी खुशीत होतो. वाटत होतं, आज काय सुंदर लागलंय.

तुला बाबा आठवतात ना? घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून म्हणाला, माझ्या घरात तुम्ही कोण? मला येत्या महिन्यात अठ्ठावन्न लागतंय. मी हिशेब जमवलाय.

शनिवारपासून पेटीला हात लावला नाही. लावला आणि परत तसंच झालं तर? कोण सांगणार मला? पोरगा समोर असतो, पण तो बिचारा इतका हबकलाय की माझ्याकडे बघतही नाही.

दात ठेवले होते ते वाजवण्यासाठी. कानच गेला असेल, तर दुखणं कोणासाठी सोसायचं? मंगळवारी, चार तारखेला सकाळी दहाला चारही काढून घेतोय. पोराला सांगितलेलं नाही. तो उगाच बरोबर येईल आणि डॉक्टरांच्या खुर्चीची उंची मोजेल.

बँडला मी नंतर सांगेन. तू रडू नकोस, कॉलरवर डाग पडतील.

धाकटा म्हणून जे काही माफ करत आलीस, त्यात हेही घाल.

तुझा भाऊ

*

ता. ३ मार्च, संध्याकाळ

बाळ,

मायना नंतर. तुझ्या मामाचं पत्र आत्ता हातात पडलं, चार दिवस कुठे फिरत होतं कोण जाणे. तारघर बंद झालंय. शेजारचा ट्रकवाला पहाटे माल घेऊन तुमच्याकडे निघतोय, त्याच्या हाती हे देते.

तो उद्या सकाळी दहाला दात काढायला जातोय. त्याला वाटतंय की बाबांसारखं त्याचं डोकं चाललंय. माझं चुकलं. मी तुला थांब म्हणाले ते साफ चुकलं. त्याला आत्ताच्या आत्ता सांग. लिहून काढत बसू नकोस, सुवाच्य करत बसू नकोस. नुसतं तोंड उघड आणि सांग.

पळ.

आई

*

ता. ४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू आतल्या खोलीत पडला आहेस आणि मी बाहेर बसून हे लिहितोय. तुला बोलता येत नाही, आणि मला समोर उभं राहून बोलणं जमलेलं नाही.

आईचं पत्र ट्रकवाल्याने साडेअकराला दिलं. मी दवाखान्यापर्यंत पळत आलो. तू बाकावर बसला होतास, तोंडात कापूस, आणि मला बघून तू हात वर करून ठीक आहे अशी खूण केलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तोवर दात बशीत होते.

मामा, तुझी चूक झाली नव्हती. तू "तिसरा मजला" मूळ पट्टीतच सुरू केलास, नेहमीसारखा. मी आठही कागद एक सूर खाली लिहिले होते, तुला न विचारता, तुझे दात दुखू नयेत म्हणून. बाईंची दोन घरं त्यासाठीच होती. तू मला सर्वांसमोर विचारलंस की कागद जुनेच ना, तेव्हा मी खोटं बोललो. तुझ्या कानाला काही झालेलं नाही. तुझ्या डोक्यालाही नाही. बँडमधल्या सगळ्यांना माहीत होतं, पण सांगायचं काम माझं होतं.

मी कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, हे सगळं लिहून काढलं होतं. पहिल्या कागदावर शाई सांडली म्हणून दुसरा केला. दुसऱ्यात दोन ओळी तिरक्या गेल्या. मग आईचं थांब म्हणून पत्र आलं आणि मी ते आनंदाने ऐकलं.

तू जा म्हणशील तर मी आजच जातो. जुने आणि नवे दोन्ही कागद या पत्राखाली ठेवले आहेत, तू स्वतः पडताळून बघ.

तुझा,
भाचा

*

ता. ५ मार्च

चि. मोजपट्टी यास,

तोंडात कापूस आहे म्हणून लिहितोय. नसता तर लिहिलं नसतं, ओरडलो असतो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकही खाडाखोड नाही. एखादी असती तर बरं वाटलं असतं.

कागद पाहिले. म्हणजे त्या दिवशी मला जे सुंदर लागलं असं वाटलं, ते खरंच सुंदर लागलं होतं. हे कळल्यावर मी बराच वेळ आरशासमोर उभा होतो. आता तिथे बघण्यासारखं काही नाही.

दहा दिवस मी रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेत होतो. आज वार कोणता. किल्ली कुठल्या खिशात. जिन्याला पायऱ्या किती. एकदा बावन्न आल्या, एकदा त्रेपन्न, आणि मी खालच्या पायरीवर बसून राहिलो. तू त्या वेळी वर रेघा मारत होतास. पट्टी बदललीस ते मी समजू शकतो. मीही तुझ्या वयाचा असताना एका म्हाताऱ्या कप्तानाला सांभाळून घेतलंय. साहेबांसमोर खोटं बोललास तेही समजतं, तुला माणसं बघितली की घाम फुटतो. पण त्यानंतरचे दहा दिवस, एकाच टेबलावर, माझ्यासमोर पाव चहात बुडवून देत होतास, ते मला समजत नाही. तुला समजलं तर मला सांगू नकोस.

घर सोडू नकोस. ताई जिवाला लावून घेईल, आणि कागद उतरवायला दुसरा माणूस मी कुठून आणू? सगळे कागद मूळ पट्टीत कर.

साहेबांना काही सांगायचं नाही. कप्तान चुकला एवढंच त्यांना ठाऊक आहे, तेवढंच राहू दे. आठ माणसांची नावं त्यात ओढायची नाहीत.

कप्तान

*

ता. १३ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्या चार दिवसांत तुम्ही दोघं हवेबद्दल आणि कांद्याबद्दल बोलत होतात, तसंच आता आम्ही बोलतो. मामाची कवळी आली आहे. ती घालून तो एकदाच पेटी घेऊन गच्चीवर गेला. मी खाली होतो. सात-आठ सूर ऐकू आले, मधले, सगळे नीट. मग वरचा एक लावायला गेला आणि थांबला. खाली आल्यावर म्हणाला, डॉक्टर प्रामाणिक माणूस आहे.

रेडिओच्या साहेबांनी मेअखेरपर्यंत मुदत दिली आहे, दुसरा क्लॅरिनेटवाला आणत असाल तर. मामाने शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई शोधून काढल्या. शिडशिडीत, चष्मा लावणाऱ्या. त्यांच्यासाठी मामाचा कागद पहिल्यांदाच लिहावा लागला. मामा पुटपुटत गेला, मी लिहीत गेलो. त्याचे सगळे श हल्ली फ होतात, आणि एकदा मला हसू आलं. तोही हसायच्या बेतात होता, पण मी आहे हे त्याच्या लक्षात आलं.

काल बाईंना घेऊन "तिसरा मजला"ची पहिली तालीम झाली. मी नवे कागद वाटले, मूळ पट्टीतले, प्रत्येक पाचदा तपासलेला. बाईंनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. मामाने हात वर करून त्यांना थांबवलं. मग तो आधी फुंकणीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुझा कागदावरचा पहिला सूर वाजव. फुंकणीने वाजवला. मामाने कान देऊन ऐकला आणि पुढच्याकडे गेला. असं त्याने एकेकाला वाजवायला लावलं. पियानोवाल्या बाईंचे डोळे भरून आले होते, तरी त्यांनी वाजवला. ड्रमवाल्याने नेहमीची थट्टा केली नाही, त्यानेही एक ठोका दिला. सगळे सूर बरोबर निघाले. मी कोपऱ्यात कागदांची रिकामी फाइल धरून उभा होतो. माझ्याकडे न बघता मामा म्हणाला की ठीक आहे, आता सुरू करा.

आजही तालमीला त्याने तेच केलं, आणि उद्याही करणार. यात दहा मिनिटं जातात.

तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. तरी पुढच्या पत्रात एकदा तसं लिही.

तुझा,
बाळ